आधी सोसायटी, मग मंडळ

शांघायमध्ये नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबाला आपण सगळे मनापासून मदत करतो. तूरडाळ कुठल्या दुकानात मिळते, डबा कोण देतं, मुलांना कोणत्या शाळेत घालावं, इंग्रजी बोलणारा दातांचा डॉक्टर कुठे बसतो, हे आपल्या मराठी मंडळाच्या वीचॅटवरच्या गटात विचारलं की लगेच कळतं. पाच वर्षांहून मोठ्या खंडानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये भारत-चीन थेट विमानसेवा पुन्हा सुरू झाली आहे, त्यामुळे हे विचारणारे वाढतील अशी आशा आहे. म्हणूनच या मदतीची दिशा आत्ताच तपासायला हवी. माझं म्हणणं असं, की ही मदत नवागताला आपल्यापर्यंत आणून सोडते. तो ज्या सोसायटीत राहायला आला आहे, तिथपर्यंत ती त्याला नेत नाही. आणि चिनी शहरात बाहेरचा माणूस रुजतो तो सोसायटीत. इतर सगळं त्यानंतरचं.

हे चिनी शहराच्या रचनेतच आहे. इथली बहुतेक वस्ती 'श्याओछू'मध्ये, म्हणजे कुंपण, फाटक आणि पहारेकरी असलेल्या सोसायट्यांमध्ये राहते. प्रत्येक सोसायटीला देखभाल पाहणारं ऑफिस असतं आणि तिच्यावर परिसराच्या निवासी समितीची नजर असते. भाड्याच्या घरात उतरणाऱ्या परदेशी माणसाला २४ तासांच्या आत पोलिसांकडे पत्त्याची नोंद करावी लागते. पुढे निवास परवान्याच्या अर्जालाही तीच नोंद जोडावी लागते. तुमचं कागदोपत्री अस्तित्व असं एका पत्त्याला बांधलेलं असतं, आणि रोजचं जगणंही त्याच पत्त्याभोवती फिरतं. पाणी कधी बंद राहणार, लिफ्टची दुरुस्ती कधी, पार्सल कुठल्या कपाटात पडलं, गॅसची तपासणी कोणत्या दिवशी, या सूचना इमारतीच्या वीचॅट गटात किंवा जिन्याशी लावलेल्या कागदावर येतात, आणि येतात त्या चिनीत. मंडळाच्या गटात त्या कधीच येणार नाहीत.

कचऱ्याचंच पाहा. १ जुलै २०१९ पासून शांघायमध्ये कचऱ्याचे चार भाग करणं सक्तीचं आहे आणि चुकणाऱ्याला ५० ते २०० युआन दंड होऊ शकतो. पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसाला वाटतं, ओला आणि सुका आपल्याला नवा नाही. पण इथल्या सुक्या डब्यात कागद आणि बाटल्या जात नाहीत, त्यांचा डबा वेगळा. सुक्यात जातं ते उरलंसुरलं, आणि नारळाची करवंटीही त्यातच. ओला कचरा पिशवीसकट टाकायचा नाही, पिशवी रिकामी करून ती वेगळ्या डब्यात टाकायची. पुष्कळ सोसायट्यांत हे डबे सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक वेळीच उघडे असतात, आणि सुरुवातीच्या काळात तर तिथे स्वयंसेवक उभे राहून प्रत्येकाची पिशवी बघत. हे नियम आपण पत्रकात छापू शकतो. पण तुमच्या सोसायटीतले डबे कुठल्या कोपऱ्यात आहेत, कधी उघडतात आणि वेळ चुकली तर काय करायचं, हे फक्त तिथला माणूस सांगतो. त्याच्याशी दोन शब्द बोलता आले, तर हा शिकण्याचा विषय होतो. नाही तर रोजची धास्ती होते.

याहून मोठा पुरावा २०२२ च्या वसंतातला आहे. त्या वर्षी २८ मार्चला पुडोंगमध्ये आणि १ एप्रिलला नदीपलीकडच्या पुशीत कोविडमुळे टाळेबंदी लागली, ती १ जूनपर्यंत उठली नाही. दुकानं बंद, घरपोच सेवा विस्कळीत, माणसं दाराआड. सरकारी शिधा येई, पण अनियमित, आणि आपल्या जेवणाच्या सवयी त्यात कुठून असणार? त्या दोन महिन्यांत शहर पोसलं गेलं ते बऱ्याच अंशी सामूहिक खरेदीवर. पुरवठादार किमान अमुक इतक्या घरांची मागणी असेल तरच भाजी, अंडी, दूध पाठवत, आणि ती मागणी गोळा करणारा शेजारी इमारतीच्या वीचॅट गटात असे. चाचणीसाठी कधी उतरायचं तेही तिथेच कळे. त्या गटात ज्याचं नाव होतं, त्याच्या दाराशी पिशवी येत होती. वीस किलोमीटरवरचा मराठी मित्र कितीही जिवाभावाचा असला, तरी तो स्वतःच्याच फाटकाआड अडकलेला होता. तशी वेळ पुन्हा येणार नाही अशी आशा करू या. पण संकटात हे शहर कोणत्या जाळ्यावर चालतं, ते तेव्हा उघड दिसलं.

यावर पहिला आक्षेप भाषेचा. चिनी अवघड आहे आणि आता फोनच भाषांतर करतो, मग खटाटोप कशाला? फोन उपयोगी आहे, यात वाद नाही. गटातला मजकूर वाचायला आणि दुकानातली पाटी समजून घ्यायला तो जरूर वापरावा. पण रात्री घरात कुणाची छाती दुखू लागली आणि १२० क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची झाली, तर पत्ता तोंडानेच सांगावा लागतो: रस्ता, गल्लीचा क्रमांक, इमारतीचा क्रमांक, खोलीचा क्रमांक. फाटकावरच्या पहारेकऱ्याला आधी कळवलेलं असेल, तर गाडी आत घेताना वेळ जात नाही. त्यासाठी हजारो चित्राक्षरं यावी लागत नाहीत. आकडे, आपला पत्ता, 'मी मांसाहार करत नाही' यासारखी दहा-वीस वाक्यं, आणि १९५८ पासून रूढ असलेली पिनयिन ही रोमन लिपीतली पद्धत, एवढं शिकायला कुणाला वर्ष लागत नाही. शिवाय या शहरात भाषेमुळे अडणारे आपण एकटे नाही. २०२० च्या जनगणनेत शांघायची लोकसंख्या २ कोटी ४८ लाखांच्या घरात होती, आणि त्यातले १ कोटी ४ लाखांहून अधिक लोक दुसऱ्या प्रांतांतून आलेले होते. त्यांच्यापैकी अनेकांना शेजारच्या आजीबाईंची शांघायी बोली कळत नाही. चुकतमाकत बोलणाऱ्या नवख्या माणसाची या शहराला सवय आहे.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे: दोन-तीन वर्षांचं कंत्राट, मग निघायचं, तर रुजायचं कशासाठी? नोकरी करणाऱ्यापुरता हा हिशेब कदाचित बरोबर असेल. त्याच्यामागे कंपनीचं ऑफिस असतं, दिवस सहकाऱ्यांत जातो. पण त्याच्याबरोबर आलेल्या जोडीदाराचं काय? कुटुंबीय म्हणून मिळालेल्या निवास परवान्यावर नोकरी करता येत नाही. त्या व्यक्तीचे दोन-तीन वर्षांतले बहुतेक दिवस सोसायटीच्या कुंपणात आणि आसपासच्या चार रस्त्यांवर जातात, आणि ती बहुतेक वेळा बाई असते. 'तात्पुरतं आहे' म्हणून आपण तिच्या वाट्याला जे एकटेपण येऊ देतो, ते मला मान्य नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला आले तेही मर्यादित काळाच्या वैद्यकीय पथकातून. आल्यावर ते चिनी शिकले आणि रुग्णांशी त्यांच्याच भाषेत बोलू लागले. त्यांच्या त्यागाबद्दल आपण नेहमी बोलतो, या शिकण्याबद्दल फारसं बोलत नाही. त्यांच्याएवढं आयुष्य वाहून टाकायला कुणी सांगत नाही, पण मुक्काम थोडा आहे म्हणून शेजार नको, हे तर्काला धरून नाही.

चिनी शेजारी अंतर ठेवून वागतात, असंही ऐकू येतं. ते पुष्कळसं खरं आहे. जिन्यात भेटल्यावर हसून बोलण्याची इथे रीत नाही, आणि दोन्ही देशांमधला ताण लोकांच्या मनात नसेल असंही नाही. पण मी मैत्रीबद्दल बोलतच नाही. पहारेकऱ्याने चेहरा ओळखावा, ऑफिसातल्या माणसाने दाराचा क्रमांक ओळखावा आणि खालच्या मजल्यावरच्या घराने गटात सामील करून घ्यावं, एवढी ओळख पुरते. मैत्री झाली तर उत्तमच.

आपल्या गोतावळ्याची ऊब मला नको आहे, असं कुणी समजू नये. गणपती, दिवाळीचा फराळ, मुलांचा मराठीचा वर्ग, हे दुसरीकडे कुठे मिळणार? प्रश्न क्रमाचा आहे. आज आपण नवागताला आधी डाळीचं दुकान सांगतो आणि सोसायटीचं त्याचं त्यालाच शोधू देतो. त्याऐवजी त्याच भागात राहणाऱ्या एका सभासदाने पहिल्या आठवड्यात एक सकाळ काढावी. पोलिसांकडची नोंद झाली का ते पाहावं, सोसायटीच्या ऑफिसात बरोबर जावं, इमारतीच्या गटात नाव घालून घ्यावं, कचऱ्याच्या वेळा विचाराव्यात आणि पत्ता चिनीत न अडखळता म्हणता येईपर्यंत म्हणवून घ्यावा. इतका वेळ कुणाकडे आहे, असं विचारलं जाईल. ज्या सभासद भगिनींनी हे सगळं स्वतः धडपडून शिकून घेतलं, त्यांच्याकडे अनुभव आहे आणि त्यांना तो कुणी विचारलेला नाही. सुरुवात त्यांच्यापासून व्हावी, आणि येत्या कार्यकारिणीच्या बैठकीत जिल्हावार नावांची यादी करूनच उठावं.