माधुरीचे पाय आणि सार्वजनिक जबाबदारी

शिरोळ तालुक्यातील नांदणीच्या जैन मठात माधुरी ऊर्फ महादेवी ही हत्तीण तीन दशकांहून अधिक काळ होती. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामनगरच्या ‘वनतारा’ केंद्राकडे पाठविण्याचा निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला. गावाने तिला साश्रू निरोप दिला. ३ ऑगस्टला राजू शेट्टी यांच्यासह हजारो माणसे नांदणीहून कोल्हापूरपर्यंत पायी चालली. ते प्रेम खोटे नव्हते.

परंतु माधुरीच्या पायांचे दुखणेही खोटे नव्हते. कठीण जमीन व साखळदंड यांमुळे हत्तीचे तळवे कुजतात, सांधे आखडतात. मऊ माती, शरीराचा भार हलका करणारे पाणी, स्वजातीयांची सोबत आणि नित्य वैद्यकीय देखरेख, हाच त्यावरील उपचार होय. तो केवळ मायेने होत नाही.

गावापाशी माया होती, उद्योगपतीच्या घराण्यापाशी साधने होती. मग शासनापाशी काय होते? गडचिरोलीत कमलापूरला वनखात्याचा हत्ती कॅम्प आहे. तेथे अरण्य आहे, माहूत आहेत. त्याला उपचारकेंद्राची जोड का देऊ नये?

नांदणी परिसरात पुनर्वसन केंद्र उभारण्याची तयारी वनताराने ऑगस्ट २०२५ मध्ये दाखविली. तिचे स्वागत करावे. पण दानावर चालणारी शुश्रूषा अखेर दात्याच्या मर्जीवर चालते. मुक्या जिवाचा उपचार ही सार्वजनिक जबाबदारी आहे. कार्यकर्त्यांनी ‘माधुरी परत द्या’ एवढ्यावरच न थांबता ‘अर्थसंकल्पात तरतूद करा’ असेही म्हटले पाहिजे.