काळा म्हणजे किती काळा?

आमच्या चुलतभावानं (आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो) शहाद्याजवळच्या शेतावर कडकनाथ पाळायला घेतल्यापासून घरातल्या प्रत्येक फोनचा शेवट कोंबड्यांवर होतो. सध्या त्याच्याकडे २० माद्या आणि २ नर आहेत. गेल्या आठवड्यात त्यानं जाहीर केलं की मानेवर सोनेरी झाक असलेल्या पाच तलंगा तो विकून टाकणार, कारण गिऱ्हाइकाला "एकदम काळाकुट्ट" माल लागतो. तुराही कोळशासारखा हवा. मला हे पटलेलं नाही. फोनवर वाद नीट होत नाही, म्हणून इथे लिहिते. आत्या, तूही वाच आणि त्याला सांग!

आधी ओळख. कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातला, म्हणजे आमच्या खानदेशातून फार लांबचा नाही. भिल्ल आणि भिलाला लोकांनी तो पिढ्यान् पिढ्या सांभाळला. तिकडे त्याला 'काली मासी' म्हणतात, म्हणजे काळ्या मांसाचा. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथाच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्याचा भाव आणखी वधारला. कातडी, मांस, हाडांवरचा पापुद्रा, आतडीसुद्धा काळी. अंडं मात्र काळं नसतं. ते फिकट तपकिरी असतं. काळ्या अंड्यांचे फोटो पुढे ढकलणाऱ्या सर्व काका-मामांनी याची नोंद घ्यावी :)

आता मुद्दा. या जातीचे तीन प्रकार मानले जातात. एक पूर्ण काळा, दुसरा मानेवर पांढुरक्या रेघा असलेला आणि तिसरा डोक्या-मानेवर सोनेरी पिसं असलेला. म्हणजे दादाच्या त्या पाच तलंगा जातीबाहेरच्या नाहीतच! पिसांचा रंग आणि कातडीचा रंग वेगवेगळी जनुकं ठरवतात. सोनेरी मानेच्या कोंबडीचं मांस काळ्या कोंबडीइतकंच काळं असतं. तुऱ्याचंही तसंच. करवतीसारखे दाते असलेला एकेरी, उभा, जांभळट तुरा ही जातीची खूण आहे. तो कोळशासारखाच हवा ही बाजाराची हौस.

बरं, काळेपणा हा शुद्धतेचा पुरावा तरी आहे का? तोही नाही.

कातडी काळी करणारं जनुक प्रभावी आहे. ते एका बाजूनं आलं तरी पुरतं. २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी चीनची सिल्की, इंडोनेशियाची अयाम चेमानी, व्हिएतनामची आणि स्वीडनची काळी कोंबडी तपासली, तेव्हा सगळ्यांत एकच बदल सापडला. गुणसूत्राचा एक तुकडा दुप्पट झालेला. पण या जनुकाला आवर घालणारं दुसरं एक जनुक असतं, आणि ते नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर बसलेलं असतं. त्यातून गंमत होते. कडकनाथ नर आणि पांढऱ्या पायांची गावठी कोंबडी यांची पिल्लं काढली, तर नर पिल्लं फिकट निघतात आणि माद्या मात्र अस्सल कडकनाथासारख्या काळ्या! कारण मादीला ते गुणसूत्र फक्त बापाकडून मिळतं. म्हणजे बाजारात उभी असलेली काळीशार तलंग अर्धी गावठी असू शकते, आणि दादानं काढायला ठेवलेली सोनेरी मानेची तलंग अस्सल.

तुरा इथे थोडी मदत करतो. कोणी असीलचा संकर केला असेल तर पहिल्या पिढीत असीलचा बुटका वाटाणा-तुरा दिसतो, कारण तो एकेरी तुऱ्यावर प्रभावी आहे. पण त्या पिल्लांना पुन्हा कडकनाथाशी जोडलं की पुढच्या पिढीतल्या निम्म्यांना पुन्हा एकेरी तुरा येतो आणि असीलचा मागमूस तुऱ्यावर उरत नाही. गावठीला तर बहुधा एकेरीच तुरा असतो, तिथे काहीच कळत नाही.

"बरोबर" तुऱ्याच्या हट्टाचं एक उदाहरण अमेरिकेतल्या वायनडॉट जातीत आहे. तिथे गुलाब-तुरा बरोबर आणि एकेरी तुरा चूक. शंभरावर वर्षं एकेरी तुऱ्याची पिल्लं बाजूला काढली, तरी ती निघतच राहतात. कारण दोन्ही बाजूंनी गुलाब-तुऱ्याचं जनुक मिळालेल्या नरांची प्रजननक्षमता कमी असते. ज्यांच्यात एकेरी तुरा लपलेला आहे, त्या नरांची पिल्लं जास्त होतात. नको असलेल्या गुणानंच ती जात सुफळ ठेवली आहे, असं म्हणायला हरकत नाही.

आता दादाचा हिशेब. कळपाचं "खरं" आकारमान मोजायचं एक साधं सूत्र आहे. नर गुणिले माद्या गुणिले चार, भागिले एकूण पक्षी. २ नर आणि २० माद्या म्हणजे १६० भागिले २२, म्हणजे साधारण सात. दिसायला बावीस पक्षी, पण रक्ताच्या हिशेबानं सातच! पाच तलंगा काढल्या तर हा आकडा फारसा उतरत नाही, हे मी मान्य करते. पण त्या पाचांबरोबर जे गुण जातील ते परत यायचे नाहीत. आणि उलट बाजूनं पाहा: माद्या तेवढ्याच ठेवून नर २ चे ५ केले, तर तोच आकडा सोळावर जातो. म्हणजे पैसे आणि डोकं लावायचं असेल तर ते नरांवर लावावं.

माझं मत सरळ आहे. निवड करताना आधी अंडी, मग जगण्याची ताकद, मग तुरा, आणि पिसांचा रंग सगळ्यात शेवटी. ही कोंबडी वर्षाला साधारण शंभर अंडी देते आणि खुडूकही क्वचितच होते. त्यातली बरी अंडी देणारी मादी केवळ मान सोनेरी म्हणून कापायला देणं मला परवडणारं वाटत नाही.

शुद्धता तपासायची असेल तर रस्ता आहे. नराला दोन-तीन पांढऱ्या कातडीच्या गावठी कोंबड्यांत सोडायचं आणि फक्त मादी पिल्लं पाहायची. सातच्या सात काळ्या निघाल्या तर निदान काळ्या कातडीच्या जनुकापुरता नर शुद्ध असण्याची खात्री जवळजवळ धरता येते. ते जनुक एकाच बाजूनं मिळालेला नर या परीक्षेतून सुटण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. मग ती पिल्लं वेगळी ठेवायची, कडकनाथ म्हणून विकायची नाहीत. पायात कड्या, वहीत नोंदी, आणि नवे नर झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्राच्या उबवणी केंद्रातून.

हे इतकं का लावून धरते? कारण २०१९ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथ पालनाच्या योजनांत शेतकऱ्यांचे कोट्यवधी रुपये बुडाल्याची प्रकरणं पोलिसांपर्यंत गेली. ती फसवणूक रंगाची नव्हती, पैशांची होती. पण नुसत्या नावाच्या बोलबाल्यावर माणसं कशी पैसे लावतात ते तेव्हा दिसलं. जो विकतो त्याच्याकडे वही असेल, तर घेणाऱ्याला विचारायला काहीतरी असतं. नाहीतर उरतो तो फक्त काळा रंग, आणि तो तर गावठी आईच्या लेकीलाही येतो.

दादा, त्या पाच तलंगा अजून असतील तर दोन मला दे. गच्चीवर खुराडं करीन. शेजारच्यांचं मी बघते.