गाईला तेल पाजून फॅट वाढत नाही



आज सल्ल्यापेक्षा माझं मत सांगतोय. पटलं नाही तर ग्रुपवर खुशाल बोला.

डेअरीत फॅट ३.५ च्या खाली लागलं की दर कापला जातो. मग कोणीतरी सांगतं, "खुराकात गोडेतेल घाल." वर पुरावा देतात घोड्याचा. अकलूजच्या घोडेबाजारात घोडेवाले तेल घालून घोडं चमकवतात, मग गाईला का नको?

कारण दोघांचं पोट वेगळं. घोड्याचा चारा लहान आतड्याच्या पुढे, मोठ्या आतड्यात कुजतो. तेल त्याच्या आधीच लहान आतड्यात पचून जातं, चारा पचवणाऱ्या जिवाणूंपर्यंत फारसं पोचतच नाही. तरी घोड्यालासुद्धा तेल थोडं थोडं वाढवत न्यावं लागतं. एकदम जास्त दिलं तर ते मागं उतरतं, लीद पातळ होते आणि चारा नीट पचत नाही.

गाईचं उलटं आहे. तिचा चारा आधी कोठीपोटात पचतो. तेल थेट तिथंच पडतं, चाऱ्याच्या तंतूंवर थर धरतं आणि तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना मारक ठरतं. दुधातलं फॅट बनायला लागणारं ॲसिटिक आम्ल हे जिवाणूच चाऱ्यापासून तयार करतात. म्हणजे तेलाचे पैसे घालून आपण फॅटचा कारखानाच बंद पाडतो.

पोटफुगीत डॉक्टर तेल पाजतात, ते औषध आहे, रोजचा खुराक नव्हे.

मग बायपास फॅट? ते कोठीपोटात विरघळत नाही, पुढं जाऊन पचतं, म्हणून चाऱ्याच्या पचनाला धक्का लावत नाही. आपल्या दुकानात ते विकायला आहे, तरी सांगतो, सरसकट घेऊ नका. ताज्या व्यालेल्या, १५ लिटरच्या पुढच्या गाईला पहिले तीन महिने दिवसाला १०० ते २०० ग्रॅम ठीक. सात-आठ लिटरच्या गाईला तो फुकटचा खर्च आहे.

माझ्या मते आपल्याकडं फॅट पडतं ते बहुतेक वेळा चाऱ्यामुळं. नुसतं उसाचं वाढं, वर मक्याचा भरडा भरपूर आणि कडबा नावालाच, असं असेल तर फॅट कुठून येणार? म्हणून पैसे खर्चण्याआधी एवढं करा:

*१)* रोज कडबा किंवा दुसरा वाळला चारा द्याच. कुट्टी साधारण एक इंचाची ठेवा, भुगा करू नका.
*२)* भरडा, पेंड एकदम न देता दोन-तीन वेळा विभागून द्या.
*३)* सरकी पेंड प्रमाणात ठेवा, तिच्यातही तेल असतं.
*४)* धार पूर्ण काढा. शेवटच्या धारेतच फॅट जास्त असतं.
*५)* दुपारी बसलेल्या गाई बघा. दहापैकी पाच-सहा तरी रवंथ करत असल्या पाहिजेत. नसतील तर चारा चुकतोय.

शेणात न पचलेले लांब तंतू दिसले, शेण पातळ झालं, तर तेल आजच बंद करा. गाय खात नसेल तर मात्र पशुवैद्यकांना बोलवा, माझ्या मेसेजवर थांबू नका.

तेल घालणं बंद करून पंधरा दिवस डेअरीच्या पावत्या जपून ठेवा. आपण गोठ्यात बसून आधीच्या आणि नंतरच्या पावत्या ताडून बघू. माझं चुकलं तर याच ग्रुपवर कबूल करीन.

– तुमचा कृषी सल्लागार, शेळगाव