दहावीतच ‘लाइन’ ठरवायची घाई किती महागात पडते?

दहावीचा निकाल लागला की पुण्यात पहिला प्रश्न येतो, जेईई की नीट? अनेक घरांत उत्तर आठवीतच ठरलेलं असतं. मग ‘इंटिग्रेटेड’ कॉलेज, म्हणजे नाव कॉलेजात आणि अभ्यास क्लासमध्ये. 16 वर्षांखालच्या मुलांना क्लासने प्रवेश देऊ नये, असं केंद्राने जानेवारी 2024मध्ये सांगितलं होतं. पण त्या मार्गदर्शक सूचना होत्या, कायदा नव्हे.

पालकांना दोष देणं सोपं आहे. 2024मध्ये 23 लाखांहून जास्त विद्यार्थ्यांनी नीट दिली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या सव्वा लाखाच्या आत. घाई यातूनच येते. पण ज्यांना जागा मिळत नाही, त्या बहुसंख्य मुलांनी दोन-तीन वर्षं दुसरं काही वाचलेलंच नसतं.

एकच विषय धरला की माणूस पुढे जातो, हे पुण्यालाच फारसं लागू पडत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे. त्यांनी हजारो जुनी नाणी तोलली. नाणं हातोहात फिरताना झिजतं, वजन घटतं. त्या घटीवरून संख्याशास्त्राने नाण्यांचा काळाचा क्रम लावता येतो, हे त्यांनी दाखवलं. नुसत्या इतिहासकाराला हे सुचणं अवघड आणि नुसता गणितज्ञ नाण्यांकडे वळला नसता. आनुवंशशास्त्रातलं त्यांचं सूत्र आजही ‘कोसंबी मॅप फंक्शन’ म्हणून वापरलं जातं. 1948मध्ये त्यांनी भर्तृहरीच्या सुभाषितांची संशोधित आवृत्ती काढली, 1956मध्ये भारतीय इतिहासावरचा गाजलेला ग्रंथ. अर्थात त्यांचं गणित पक्कं होतं. सगळ्यातलं थोडं-थोडं, असा हा प्रकार नव्हता.

नवं शैक्षणिक धोरण आता हेच मागतंय. राज्यातल्या स्वायत्त कॉलेजांत 2023-24पासून आणि संलग्न कॉलेजांत 2024-25पासून पदवीला मुख्य विषयासोबत ‘मायनर’ आणि दुसऱ्या शाखेतला ‘ओपन इलेक्टिव्ह’ आला आहे. म्हणजे पंधराव्या वर्षी दार लावून घ्यायचं आणि अठराव्या वर्षी तेच उघडायला सांगायचं.

शिवाय दार किती उघडेल, हे कॉलेजवर आहे. जिथे फक्त कॉमर्स आहे, तिथे जीवशास्त्राचा शिक्षक कुठून येणार? प्रवेश घेण्याआधी कॉलेजकडे ओपन इलेक्टिव्हची यादी मागा आणि त्यातले कोणते विषय गेल्या वर्षी खरोखर शिकवले गेले, तेही विचारा.