वाजविणाऱ्यांची नावे

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाची तयारी चालू असताना आमच्या वर्गातील तीन मुलांनी बेंजो पार्टीचा कार्यक्रम सुचविला. तिघेही नायगावचे, गणपतीत आणि हळदीत वाजविणारे. "ते वरातीत ठीक आहे, रंगमंचावर नको," असे त्यांना सांगण्यात आले. मुले हसली आणि गप्प बसली. त्यांच्या जागी एका सुगम संगीताच्या कार्यक्रमाची निवड झाली व तो चांगलाही झाला. तरीही ते उत्तर माझ्या मनातून गेले नाही. रस्त्यावरचे संगीत आणि रंगमंचावरचे संगीत यांच्यामधली ही रेघ नेमकी कोणी ओढली?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी दूर अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सला जाऊन पोहोचले. आज जगातल्या विद्यापीठांतून ज्याचा अभ्यास होतो ते जाझ संगीत मूळचे वरातीतलेच, नव्हे, अंत्ययात्रेतलेही! गुलामगिरीच्या काळात तेथील काळ्या माणसांना रविवारी एका मैदानात जमून नाचण्या-वाजविण्याची मुभा होती. त्या मैदानाला पुढे काँगो स्क्वेअर असे नाव पडले. 1865 साली यादवी युद्ध संपले, गुलामगिरी गेली. शहरात पितळी वाद्यांचे बँड वाढले. प्रेताला पोहोचविताना संथ सूर आणि परतताना नाचायला लावणारी चाल, अशी तिथली रीत. शेतावरची श्रमगीते, चर्चमधली भजने, ब्लूजचे दुःख आणि पियानोवरचा रॅगटाइम हे सारे प्रवाह याच रस्त्यांवर एकत्र आले.

त्यात आणखी एक गोष्ट घडली. मिश्र वंशाचे क्रिओल वादक युरोपीय पद्धतीने शिकलेले, कागदावरचे नोटेशन वाचणारे. 1890 नंतरच्या वर्णभेदाच्या कायद्यांनी त्यांनाही 'काळे' ठरवून खाली ढकलले. मग कागद वाचणारा आणि कानाने वाजविणारा एकाच बँडमध्ये शेजारी उभे राहिले. कॉर्नेटने मुख्य चाल धरायची, क्लॅरनेटने तिच्याभोवती वेलबुट्टी काढायची, ट्राँबोनने खालून आधार द्यायचा, आणि हे सर्व आयत्या वेळी, एकमेकांचे ऐकत. आपल्याकडे रागसंगीतात आयत्या वेळचा विस्तार आहेच. पण तो बहुधा एका गायकाचा. इथे तिघेचौघे एकाच वेळी विस्तार करतात आणि तरी गर्दी होत नाही. पुढे 1925 पासूनच्या आपल्या ध्वनिमुद्रिकांतून लुई आर्मस्ट्राँगने एकट्या वादकाच्या विस्ताराला मानाचे स्थान मिळवून दिले.

परंतु या इतिहासात एक सल आहे. बडी बोल्डन हा कॉर्नेटवादक जाझच्या आद्य पुरुषांपैकी एक. 1907 साली त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले. 1931 साली तो तिथेच वारला. त्याची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. जाझची पहिली तबकडी 1917 साली निघाली ती 'ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँड' या गोऱ्या वादकांच्या संचाची! निर्माण केले एकांनी, नोंद झाली दुसऱ्यांची.

वाचक म्हणतील, हे सारे ठीक. पण नायगावचा आणि त्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो वाटतो त्याहून जवळचा आहे.

1935 साली लिऑन ॲबे हा कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला संच घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ टेडी वेदरफर्डसारखे वादक आले. त्यांच्या शेजारी बसून शिकले ते आपले गोव्याचे वादक. पोर्तुगीज अमदानीतल्या चर्चच्या शाळांत व्हायोलिन आणि नोटेशन शिकून ही मुले पोटासाठी मुंबईला आली होती. हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियेर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रंपेट वाजवू लागला आणि लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. स्वातंत्र्यानंतर हॉटेलांतले काम आटत गेले, तसे हे वादक चित्रपटसृष्टीकडे वळले. तिथे त्यांना भेटला पुणतांब्याचा रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र. 'शहनाई' (1947), 'समाधी' (1950) आणि 'अलबेला' (1951) या चित्रपटांतली गाणी आठवा. शास्त्रीय संगीत शिकलेला मराठी संगीतकार आणि पाश्चात्त्य नोटेशन लिहिणारा गोव्याचा वादक. न्यू ऑर्लिन्समध्ये घडले तेच इथे पुन्हा घडले. 'अलबेला'त पडद्यावर नाचले ते भगवानदादा, गिरणी कामगाराचे चिरंजीव. परळ-लालबागच्या वरातींत आजही लोक ज्या ढंगात नाचतात तो भगवानदादांचा.

पण श्रेयनामावलीत काय दिसते? संगीतकाराचे नाव दिसते, ते असायलाच हवे. ज्यांनी ट्रंपेट फुंकला, ज्यांनी रात्र जागून प्रत्येक वाद्याचा कागद लिहिला, त्यांची नावे बहुधा नाहीत. अँथनी गोन्साल्विस यांचे नाव घराघरात पोहोचले ते 1977 सालच्या एका चित्रपटातील विनोदी गाण्यामुळे. ते खऱ्याखुऱ्या व्हायोलिनवादकाचे नाव असून संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य होते, हे गुणगुणणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

आमच्या चाळीत एक आजोबा आहेत. गिरणीची पाळी सांभाळून बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. मी त्यांना विचारले, "आजोबा, 'अलबेला'ची गाणी कुठून बसवलीत?" म्हणाले, "कुठून म्हणजे? इराण्याच्या हॉटेलात रेकॉर्ड लागायची. चहा घ्यायचा नि कान लावून बसायचं. दोन चहांत एक गाणं!" ती कोणी वाजविली होती हे त्यांना ठाऊक नव्हते. मी चिक चॉकलेटचे नाव सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग एवढेच म्हणाले, "आमचं तरी नाव कोण सांगणार, बाळा?"

मला बँडवाल्यांची भलावण करायची नाही. बेंजो पार्टी म्हणजे जाझ, असेही माझे म्हणणे नाही. आपले बँड पुष्कळदा चित्रपटातली चाल जशीच्या तशी वाजवितात, आणि कर्कश वाजविणारेही त्यांत कमी नाहीत. परंतु कोणतीही कला रस्त्यावर असताना कच्चीच असते. तिला ऐकणारा आणि लिहून ठेवणारा भेटला की ती पुढे जाते. आपण ना ऐकले, ना लिहिले. 1972 साली याच मुंबईतील दलित तरुणांनी अमेरिकेतील 'ब्लॅक पँथर'वरून आपल्या संघटनेला नाव दिले. त्यांच्या लढ्याशी आपण नाते जोडले. मग त्यांच्या संगीताने दिलेला धडा का घेऊ नये? शतकानुशतके सनई, हलगी, संबळ ज्यांनी वाजविली त्यांना आपण मंगल प्रसंगी दारात बोलाविले, पण पंगतीत घेतले नाही. 'रंगमंचावर नको' या शब्दांत तोच जुना उंबरठा लपलेला नाही काय?

आता वेळही फार उरलेला नाही. डीजेच्या भिंतींनी बँडवाल्यांचे काम हिरावले. नायगावच्या बी.डी.डी. चाळी जाऊन मनोरे येत आहेत. माणसे पांगली की आठवणीही पांगतात. म्हणून माझी सूचना साधी आहे. येत्या सुटीत आपल्यापैकी प्रत्येकाने नायगाव, लालबाग, परळ येथील एका जुन्या वादकाकडे जावे. त्याचे नाव, वाद्य, गुरू आणि त्याने बसविलेल्या चाली लिहून घ्याव्यात, भ्रमणध्वनीवर त्याचे वादन मुद्रित करावे, आणि ते सारे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावे. प्राध्यापकांनी त्याला प्रकल्पाचे गुण दिले तर उत्तमच. न दिले तरी काम अडणार नाही.

आणि यंदाच्या संमेलनात त्या तीन मुलांना पंधरा मिनिटे द्यावीत. आवडले नाही तर खुशाल उठून जा. मात्र जाण्यापूर्वी निवेदकाने त्यांची तिन्ही नावे स्पष्ट उच्चारलेली ऐका.