वकील झालेल्या मुलांची ओळख कल्याणच्या पुढे न्या

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील आपल्या व्यापारी आणि कारागीर घरांतून आता मुले-मुली वकिलीची सनद घेऊ लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. पण सनद मिळाल्यावर पुढे काय, याचा हिशेब आपण मांडत नाही. बापाचा धंदा कापडाचा, लोखंडाचा किंवा सुतारकामाचा. घरात दुसरा वकील नाही, कल्याण-ठाण्याच्या कोर्टात ओळखीचा सीनियर नाही. मग मुलगा सकाळी काळा कोट घालून तालुका कोर्टाच्या आवारात उभा राहतो आणि दुपारी दुकानाच्या गल्ल्यावर येऊन बसतो. मुलगी बहुधा घरीच राहते.

गल्ल्यावर बसण्यात गैर काय, असे आपल्याला वाटेल. पण बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ४७ सांगतो की, वकिलाने स्वतः धंदा चालवू नये. वडिलोपार्जित धंद्यात त्याचा हिस्सा राहू शकतो, मात्र कारभारात त्याने हात घालू नये. नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही. नोकरी धरली तर बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. म्हणजे आपल्या मुलांपुढे सरळ रस्ते दोन. एक, चांगल्या सीनियरकडे ज्युनिअर म्हणून उभे राहणे. दुसरा, वकिली थांबवून कंपनीच्या किंवा बँकेच्या कायदा विभागात नोकरी करणे. दोन्ही रस्ते ओळखीतून खुलतात.

ओळखीची गरज मोठमोठ्यांनाही पडली आहे. बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ साली मुंबई हायकोर्टातील पहिले भारतीय बॅरिस्टर झाले. तेही व्यापाऱ्याच्या घरातले. पण त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन आधीच सॉलिसिटर होते, आणि तेव्हा बॅरिस्टरकडे काम येई ते सॉलिसिटरकडूनच. अक्कल स्वतःची होती, दरवाजा भावाने दाखवला. ज्याला असा भाऊ नाही, त्याने काय करावे?

त्याच्यासाठी आज लिंक्डइनसारखी पेशेवर ओळखीची जागा आहे. २००३ साली ती सुरू झाली, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. भारतात तिचे सदस्य दहा कोटींच्या वर गेले आहेत. कंपन्यांचे कायदा अधिकारी, मोठ्या लॉ फर्मचे भागीदार, हायकोर्टातले वकील तेथे आपल्या नावाने हजर असतात. आपण आपले शिक्षण, केलेले काम आणि येणाऱ्या भाषा तेथे मांडायच्या, त्या लोकांशी अदबीने ओळख करायची आणि निघालेल्या जागांसाठी अर्ज करायचा. खाते उघडायला पैसा लागत नाही. आसनगावहून लोकल पकडावी लागत नाही, की मुरबाडहून एस.टी.ची वाट पाहावी लागत नाही.

काही बुजुर्ग म्हणतात, बाजारात आपली ओळख पुरेशी आहे. बाजारात ती आहे, हे खरे. पण ती ओळख माल उधार मिळण्यापुरती. ती बहुतेक कल्याण-भिवंडीपर्यंत पोहोचते आणि तेथे थांबते. मुंबईच्या फर्ममध्ये मुलाला बसवण्याच्या कामी ती येत नाही. मुलीच्या बाबतीत तर तिचा उपयोग त्याहून कमी.

आता कापडवाल्याच्या नात्याने एक गोष्ट सांगतो. सॅम्पल दाखवल्याशिवाय गिऱ्हाईक तागा उचलत नाही. आपल्या मुलांचे सॅम्पल कोणते? 'मेहनती आणि होतकरू' एवढे लिहून भागत नाही, ते सगळेच लिहितात. या दोन तालुक्यांतल्या वकिलाला सातबारा, फेरफार, कुळकायद्याची नोंद वाचता येते. आदिवासींच्या जमिनीच्या व्यवहारावर महसूल कायद्याच्या कलम ३६ व ३६ अ चे निर्बंध कसे लागतात, हे तो जाणतो. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला, त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. भिवंडी-पडघ्याकडे गोदामे उभी राहिली आहेत. अशा जमिनींचे टायटल तपासायला कागद वाचणारा माणूस लागतो. मराठी, उर्दू आणि कामापुरते इंग्रजी येणारा, गाव आणि तलाठी ओळखणारा मुलगा त्यांना हवा आहे. तो शहापुरात आहे हे मात्र त्यांना माहीत नाही.

यात सावधगिरी हवी. नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करून पक्षकार ओढता येत नाही. २००८ च्या दुरुस्तीने वेबसाइटवर नाव, पत्ता, सनद क्रमांक, शिक्षण, कामाचे क्षेत्र अशी ठरावीक माहिती देण्याची मुभा दिली, तेवढीच. जुलै २०२४ मध्ये मद्रास हायकोर्टाने ऑनलाइन जाहिरातींवर कडक भूमिका घेतली, आणि मार्च २०२५ मध्ये बार कौन्सिलने पुन्हा ताकीद दिली. म्हणून सीनियरकडे किंवा कंपनीकडे काम मागावे, पण 'माझ्याकडे केस आणा', 'इतक्या केस जिंकल्या' असे काही लिहू नये. पक्षकाराच्या भानगडी तर मुळीच मांडू नयेत. आणि नोकरी देतो म्हणून आधी पैसे मागणारा भेटला, तर तो लबाड समजावा.

पगाराचीही माहिती असू द्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने ज्युनिअरला शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये मानधन द्यावे अशी शिफारस केली. ही शिफारस आहे, सक्ती नाही. पण बोलणी करताना आकडा हाताशी असलेला बरा.

शेवटी आपल्या व्यापारी बंधूंचे काम. चेक परत आला की तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते, जीएसटीच्या नोटिशीला उत्तर द्यावे लागते, भाडेकरार करावे लागतात. ही कामे आपल्याच तालुक्यातल्या नव्या वकिलाला द्या आणि फी वेळेवर द्या. फुकट काम करून घेऊन 'आपलाच मुलगा आहे' म्हणू नका. आपला भाचा किंवा जावई मुंबई-पुण्यात, आखातात कंपनीत असेल, तर त्याला या मुलांशी लिंक्डइनवर जोडून द्या. आणि शिफारस लिहायला सांगितली, तर जेवढे काम पाहिले तेवढेच खरे लिहायला सांगा. खोट्या शिफारशीने एकाला जागा मिळेल, पण पुढच्या दहा मुलांचा भरोसा जाईल. बाजारात पत कशी जाते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.