साधा फोन म्हणजे मागासलेपण नव्हे



साधा फोन वापरणारे 'डिजिटल व्यवहारांतून बाद' होतात, हे गेल्या अंकातील लेखाचे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये 'यूपीआय १२३ पे' खास साध्या फोनसाठीच सुरू केले. त्यात इंटरनेटशिवाय पैसे पाठवता येतात. बँकेचा ओटीपीही साध्या एसएमएसवर येतो.

'जुने तंत्र लवकरच बंद पडेल' ही भीतीही अर्धवट आहे. जिओच्या नेटवर्कवर टू-जी फोन चालत नाही, हे खरे. पण बटणांचे फोर-जी फोन २०१७ पासून बाजारात आहेत. २०२३ मध्ये आलेल्या जिओभारतवर तर यूपीआयही चालते.

टिकाऊपणाचा मुद्दा लेखात आलाच नाही. नोकिया ११०० हा २००३ चा फोन : धूळ न शिरणारा कीपॅड, टॉर्च आणि सहज बदलता येणारी बॅटरी. त्याचे २५ कोटींहून अधिक नग खपले. आजच्या बहुतेक स्मार्टफोनची बॅटरी बदलायला दुकान गाठावे लागते.

नकाशे आणि व्हिडिओ कॉल यांत स्मार्टफोन सरस आहे, एवढेच मान्य. लेखकाने पुढच्या वेळी ग्राहकाची गरज आधी विचारावी, मग फोन सुचवावा.

— एक वाचक, सातारा